भिंतीकडे तोंड करून पंचवीस वर्षं

माणसांकडे तोंड करून बोलायची मला सवय नाही. पंचवीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून बोललो. तेव्हा सुरुवातीला जरा अडखळलो तर सांभाळून घ्या. मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. घरात मला बुटक्या म्हणतात. खुर्चीवर ठेवल्याशिवाय मी कुणाच्या गुडघ्यालाही लागत नाही, त्यामुळे नावाबद्दल माझी तक्रार नाही.

विजेच्या गिटारीचा रुबाब मोठा, पण तिला स्वतःचा आवाज नसतो. तार छेडली तर डास गुणगुणल्याएवढं ऐकू येतं. ते गुणगुणणं वायरीतून माझ्याकडे येतं, मी ते मोठं करतो, आणि मोठं करताना त्यात थोडं माझ्या पदरचं घालतो. हे पदरचं नेमकं काय, याचा शोध लावता लावता या घराच्या नाकी नऊ आले. तीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाशी एक बाई तारांना कथिलाचे डाग देत बसलेली. मला डाग देणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. दर दोन डागांनी ती शिंकायची, म्हणून माझा एक डाग अजून जरा जाड आहे. पोटात दोन व्हॉल्व्ह बसवले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा. तापल्या की आतून नारिंगी उजळतात आणि मगच मला कंठ फुटतो. अंगावर दोनच बटणं, एक आवाज लहानमोठा करायला आणि दुसरं जाड-बारीक करायला. बाकी साधं प्लायवुड, आणि पाठ उघडी. पाठीला फळी लावण्याएवढा खर्च माझ्यावर कुणी केला नाही.

दुकानात मोठमोठे अ‍ॅम्प काचेमागे दिव्याखाली बसायचे. मला दुकानदाराने दाराला टेकू म्हणून लावलं होतं. वारा आला की दार माझ्या बरगडीत बसायचं. वर्षभर हीच माझी नोकरी होती.

मग एक दिवस अंगाला पावाचा वास येणारा एक तरुण आत आला. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. पहाटे कामावर जायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. "सगळ्यात स्वस्त कुठला?" असं त्याने न लाजता विचारलं. दुकानदारच लाजला. म्हणाला, "दाराशी आहे तो. पण तो आपला शिकाऊ लोकांसाठी हं." त्याने मला पुसलं, वायर लावली, एक सूर छेडला आणि डोळे मिटले. दुकानदाराने दाराला दुसरा टेकू शोधला. तेच माझे मालक.

मालकांच्या घरी दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत मालकीणबाई शिवणयंत्रावर कपडे शिवायच्या. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर मी. रोज दुपारी चारला मालक गिटार घ्यायचे आणि त्यांची चिमुरडी लेक माझ्यासमोर फतकल मारून बसायची. पण हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी शेजारचे गणिताचे मास्तर दारात उभे राहिले.

"अहो, माणसाने शाळेतून आल्यावर चार ते पाच डोळा लावायचा की नाही?" असं म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला. "आई गं! हे वाद्य आहे की शेगडी?"

तासभर वाजलो की मी तापतोच. त्यात माझा काय दोष? मालक मात्र मनाला लावून घेणारे. वाजवणं सोडवत नव्हतं आणि शेजाऱ्याची झोप मोडणंही बरं वाटत नव्हतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंत आवाज खाईल आणि मास्तर झोपतील, असा त्यांचा हिशोब होता.

आता गंमत ऐका. ज्या भिंतीकडे माझं तोंड फिरवलं, तिच्याच पलीकडे मास्तरांची खाट होती. खाटेची करकर मला स्पष्ट ऐकू यायची. म्हणजे जो आवाज आधी घरभर पसरायचा, तो आता नेम धरून मास्तरांच्या उशाशी जायला लागला. मी हे कुणाला सांगणार? आठवडाभर पलीकडून ठकठक झाली. मालकांनी आवाज आणखी थोडा कमी केला. मग एके दिवशी ठकठक थांबली. मालक म्हणाले, "बघ, तोंड फिरवल्याचा गुण आला." मालकीणबाई म्हणाल्या, "तुमचंही फिरवून बघू का एकदा?"

तेव्हापासून खुर्ची हलली नाही. तिच्या चार पायांचे चार खळगे फरशीवर पडले. मालक, मालकीणबाई आणि लेक यांनी पंचवीस वर्षं माझी पाठ ऐकली. उघड्या पाठीतून निघालेला आवाज, आणि तोंडातून निघून भिंतीवर आपटून परत आलेला आवाज, असे दोघे खोलीच्या मध्यावर भेटायचे आणि तिथंच मालकांचं स्टूल असायचं.

मालकांना दोन जोडीदार मिळाले. ड्रम वाजवणारा सलूनवाला आणि बेस गिटार वाजवणारा पोस्टमन. तिघांचं त्रिकूट हॉटेलांत, कारखान्यांच्या कार्यक्रमांत, शाळेच्या मैदानांवर वाजवायचं. तिथंही मालक सवयीने मला खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. भिंत नसली तर मागचा पडदा. लोक विचारायचे, "तुमचा अ‍ॅम्प रुसलाय का?" एकदा सलूनवाल्याने ड्रमचा लोखंडी पाय ओढताना माझ्या स्पीकरचा कागद फाडला. मालकांनी बेकरीतून पावाखाली घालायचा कागद आणला, गोंद लावून ठिगळ जोडलं. त्या दिवसापासून माझ्या मोठ्या सुरांत एक बारीकशी खर आली, घसा नुकताच बरा झालेल्या माणसासारखी. लोकांना तीच खर आवडायला लागली. महागड्या अ‍ॅम्पवाले येऊन विचारायचे, "हे कसं काढता हो?" मालक म्हणायचे, "सलूनवाल्याची कृपा!"

असा मी वाजत होतो. आणि मग गेल्या वर्षी एका दुपारी माझ्या पोटातून जळका वास आला.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला उताणं पाडून तपासलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "याचा आवाज स्पीकरकडे नेतो ना, तो ट्रान्सफॉर्मर जळत आलाय. जपून वापरलात तर आठ-दहा तास. त्यानंतर राम राम."

"नवीन बसवा की," मालक म्हणाले.

"बसवतो. वाजेलही छान. पण हाच वाजेल असं मी सांगणार नाही. खोटं का बोलू?"

मालकांनी मला घरी आणलं, खुर्चीवर ठेवलं आणि अंगावर चादर टाकली. गिटार खिळ्याला टांगली. त्रिकुटाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून गावातल्या नव्याने बांधलेल्या सभागृहात सहा आठवड्यांनी कार्यक्रम ठरला होता. तिकडूनही निरोप आला की मंचावर अ‍ॅम्प चालणार नाहीत, सगळ्या वायरी थेट सभागृहाच्या ध्वनी-मिक्सरला लावायच्या. मालकांनी जोडीदारांना घरी बोलावून सांगितलं, "बुटक्या नाही, तर मी नाही. तुम्ही दुसरा बघा."

सलूनवाला भडकला. "म्हणजे पंचवीस वर्षं तू या खोक्याबरोबर वाजवत होतास होय? आम्ही काय नुसते वारा घालत होतो?"

पोस्टमन गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला, "तू नाही तर आम्हीपण नाही, गड्या." ते जास्त लागलं. तरी मालक बधले नाहीत.

दिवस जायला लागले. चार वाजायचे आणि नुसतेच पाच व्हायचे. मालकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर तारांनी पडलेले घट्टे होते. ते मऊ पडायला लागले. ते बोटं एकमेकांवर घासून बघायचे आणि हात खिशात घालायचे. चादरीखालून मला सगळं कळत होतं. वाजवणारा हात एकदा मऊ पडला की माणूस परत गिटार उचलत नाही, हे मी दुकानाच्या दाराशी बसून खूपदा ऐकलं होतं. मला माझ्या जळण्याचं दुःख नव्हतं असं नाही, पण त्याहून जास्त भीती याची होती.

लेकीला ते बघवेना. ती आता मोठी झाली होती आणि कमी ऐकू येणाऱ्यांना कानाची मशीन बसवून द्यायचं काम करत होती. एका रविवारी ती विटेएवढा एक डबा घेऊन आली. त्याला मॉडेलर म्हणतात. त्यात व्हॉल्व्ह नाही, स्पीकर नाही, तापणं नाही. आत सगळी आकडेमोड. तो म्हणे कुठल्याही अ‍ॅम्पचा आवाज ऐकून त्याची हुबेहूब नक्कल करतो. मी चादरीखाली फणफणलो. माझ्या घरात, माझ्याच खुर्चीशेजारी हा नकलाकार!

डब्यात आधीपासूनच नामांकित अ‍ॅम्पचे पन्नासेक आवाज होते. तळाशी एक होता, 'लहान, स्वस्त, व्हॉल्व्हचा'. लेकीने तो लावून दाखवला. मालक म्हणाले, "चांगला आहे. पण हा कुणी दुसराच." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तिने मला उचललं आणि तिच्या दवाखान्यात नेलं. तिथं कान तपासायची बंद खोली आहे. भिंतींना जाड गाद्या, टाचणी पडली तरी आवाज होणार नाही. तोंडापासून दोन बोटांवर माइक ठेवला, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. डब्याने माझ्यात शिट्ट्या सोडल्या, खरखर सोडली, खालपासून वरपर्यंत सगळे सूर चढवले. डॉक्टर पोटावर टिचक्या मारतो तसा तो मला तपासत होता. दोन तास गेले. माझे दोन तास, हे लक्षात घ्या.

संगणकाच्या पडद्यावर माझ्या आवाजाची रेघ आणि डब्याच्या आवाजाची रेघ एकमेकींवर तंतोतंत बसल्या. लेक खुशीत घरी आली. मालकांनी एक तुकडा वाजवला आणि गिटार खाली ठेवली.

"रेघ बरोबर असेल, बाळा. पण हा बुटक्या नाही."

"पण काय कमी आहे, बाबा? जाडी? खर? सांगा ना!"

"तेच तर सांगता येत नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माइक डावीकडे, माइक उजवीकडे, दुसरा माइक, दुसरी वायर. आणखी चार तास गेले. मालकांनी पुन्हा मान हलवली. रेडिओवाल्या काकांनी मला हुंगून सांगितलं, "आता तासभर. तोही हरी भरोसे." कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते. लेक माझ्याशेजारी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि तिने माझ्या कडेवर डोकं टेकलं. त्या क्षणी माझा राग गेला. ही पोरगी माझी जागा घ्यायला कुणाला आणत नव्हती. मला वाचवायला धडपडत होती. आणि मी, सगळं ठाऊक असलेला मूर्ख, एक शब्द बोलू शकत नव्हतो.

तिच्या धंद्यातली एक रीत आहे. कानाचं मशीन बसवलं की पेशंटला विचारून भागत नाही. तो म्हणतो, सगळं ठीक. घरच्या माणसाला विचारावं लागतं. खरं ते त्यालाच ठाऊक असतं. ती एकदम उठली आणि आतल्या खोलीत गेली.

"आई, तू ऐक ना जरा."

मालकीणबाईंच्या दातांत टाचण्या होत्या. त्या काढून म्हणाल्या, "मला काय कळतं त्यातलं? मी आयुष्यात कधी त्या गिटारीला हात लावला नाही."

"म्हणूनच तू ऐक."

लेकीने डबा वाजवला. मालकीणबाईंनी यंत्राचं चाक हाताने थांबवलं. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "आवाज त्याचाच आहे. पण हा आपल्याकडे बघून बोलतोय."

"म्हणजे गं?"

"अगं, तो कधी आपल्याकडे बघून बोललाय का? जन्मभर आपण त्याची पाठ ऐकली. तू त्याला कापसाच्या खोलीत नेऊन तोंडाशी माइक धरलास. तिथं माझं शिवणयंत्रसुद्धा मुकं होईल."

लेकीने कपाळावर हात मारला. मला नाचता येत असतं तर मी खुर्चीवर नाचलो असतो.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली. दुपारी चारला खुर्ची पुन्हा त्या चार खळग्यांत बसली. माझं तोंड भिंतीकडे. माइक माझ्या मागे, मालकांच्या स्टुलाजवळ, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. मालकीणबाईंनी यंत्र बंद केलं. डब्याने पहिली शिट्टी सोडली.

मी हातचं काहीही राखलं नाही. शिंकेचा जाड डाग, पावाच्या कागदाचं ठिगळ, प्लायवुडची थरथर, सगळं दिलं. समोर भिंत होती, ती माझ्या ओळखीची. तिनेही नेहमीसारखं सगळं परत पाठवलं. पोटात आग झाली, वास सुटला, पण मी शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबलो. ती संपली आणि माझ्या आत काहीतरी चटकन तुटलं. व्हॉल्व्ह विझले. पाठीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मालकीणबाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या असाव्यात, कारण थोड्या वेळाने यंत्राचा आवाज सुरू झाला. मग लेकीने गिटार खिळ्यावरून काढली, डब्याला लावली, एक साधा स्पीकर माझ्या खुर्चीखाली ठेवला, आणि म्हणाली, "बाबा, एकदाच."

मालकांनी मऊ पडलेल्या बोटांनी तार दाबली.

आणि खोलीत मी बोललो! मी गार पडलो होतो, पोटात राख होती, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर माझा आवाज उभा होता. पाठमोरा, भिंतीवरून परत आलेला, सलूनवाल्याच्या कृपेची खर सांभाळून. मालकांनी दुसरा सूर लावला, तिसरा लावला, आणि मग ते थांबेचनात.

आतून मालकीणबाई आल्या. "अहो, जळका वास आला म्हणून मघाशी मला रडू फुटलं. हा तर वाजतोय की! काय, बिघडला नव्हता का?"

लेकीने माझ्या विझलेल्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं आणि मग डब्याकडे. मालकीणबाईंनी दोन्ही हात गालांना लावले. मालक हसतही होते आणि डोळेही पुसत होते, पण हात तारांवरून काढायला तयार नव्हते. आम्ही जिंकलो होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी मालक मला घेऊन सभागृहात गेले. मिक्सरवरचा माणूस पुढे आला. "काका, अ‍ॅम्प चालणार नाही म्हणून कळवलं होतं ना?"

"तो वाजणार नाही," मालक म्हणाले. "नुसता बसणार आहे."

मंचावर मागच्या पडद्याकडे तोंड करून मी खुर्चीवर बसलो. मालकांच्या पायाशी तो विटेएवढा डबा. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझा आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरांतून बाहेर पडला. अहो, मी पाच वॅटचा प्राणी! दाराला टेकू म्हणून लावलेला! त्या दिवशी शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत मी घुमत होतो. सलूनवाल्याने ड्रमची पिसं काढली. पोस्टमन, जो कधी मान वर करत नाही, तो डोळे मिटून डोलत होता. शेवटी लोक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. काही जण मंचावर येऊन मलाच थोपटत होते, "काय वाजतो हो तुमचा जुना अ‍ॅम्प!" कुणीही त्यांची चूक दुरुस्त केली नाही, आणि मीही गप्प बसलो. कौतुक फुकट मिळत असताना कोण नाही म्हणेल?

सगळ्यांत शेवटी काठी टेकत मास्तर आले. कानात लेकीनेच बसवून दिलेलं मशीन होतं.

"आवाज तोच," ते म्हणाले. "तो कागद फडफडतो, तोसुद्धा."

"तुम्ही इतका नीट ऐकला आहे, मास्तर?"

"ऐकला आहे? पंचवीस वर्षं तुम्ही याला माझ्या उशाशी बसवलंत, भल्या माणसा. त्या भिंतीपलीकडे माझी खाट आहे."

मालकांचा चेहरा पडला. "अरे देवा! मग बोलला का नाहीत?"

"आठवडाभर भिंतीवर ठोकलं की! मग एक दिवस ठोकायला हात उचलला आणि वाटलं, हे गाणं तेवढं संपू दे." मास्तर हसले. "मध्ये महिनाभर तुम्ही वाजवलं नाहीत. तेव्हा मात्र झोप लागेना."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा भीतभीतच. "हे काय, गार! मला चांगला चटका बसला होता त्या वेळी. एवढं वाजून हा गार कसा?"

मालकांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. "आता त्याला तापावं लागत नाही, मास्तर."

आता मी घरी आहे. खुर्ची तीच, खळगे तेच. मालकांनी माझं तोंड मात्र खोलीकडे फिरवलं आहे, आणि नव्या स्पीकरचं भिंतीकडे. पंचवीस वर्षं ज्यांच्यासाठी वाजलो ती माणसं मी आता रोज समोरून बघतो. मालकीणबाई ऐकताना पायाने ताल धरतात, हे मला कधी कळलंच नव्हतं. मालकांच्या बोटांवर पुन्हा घट्टे पडले आहेत. आणि त्या डब्याशी माझं काही भांडण उरलेलं नाही. त्याने माझा घसा घेतला, मी त्याला दोन चार आठवणी दिल्या, हिशोब पुरा झाला.

काल चार वाजता मालक वाजवत होते तेव्हा भिंतीवर दोनदा ठकठक झाली. मालक दचकले, हात थांबला. मग हसले आणि त्यांनी आवाज थोडा वाढवला. पलीकडे खाट करकरली.

कधी या बाजूला आलात तर चार ते पाचच्या दरम्यान या. बिनधास्त माझ्या डोक्यावर हात ठेवा, आता चटका बसत नाही.